संग्रहात्मक भयपट : अल्प खर्च, चौकटकथा आणि हिशेबाचे भय

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयात कथासंग्रहाला स्वतःची प्रतिष्ठा आहे. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा व गूढकथा वाचताना, लेखकाने त्यांची कादंबरी का केली नाही, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र चित्र उलटे आहे. एकाच चित्रपटात चार-पाच स्वतंत्र कथा गुंफल्या की समीक्षक त्याकडे तुटक, अपुऱ्या तयारीचा माल म्हणून पाहतात. आणि तो भयपट असून त्यावर फारसा खर्चही झालेला नसेल, तर त्याची गंभीर दखल घेण्याचे कारणच उरत नाही. तरीही गेली सुमारे आठ दशके असे चित्रपट निघत आहेत आणि त्यांना निष्ठावान प्रेक्षक लाभत आहे. या आकर्षणाची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी प्रामुख्याने ‘अमिकस प्रॉडक्शन्स’ या ब्रिटनमधील छोट्या निर्मितिसंस्थेने १९६५ ते १९७४ या काळात काढलेले चित्रपट विचारात घेतले आहेत. अशा चित्रपटांना येथे सोयीसाठी ‘संग्रहपट’ म्हटले आहे.

पूर्वसूरी : ‘डेड ऑफ नाइट’

अमिकसचा विचार करण्यापूर्वी ईलिंग स्टुडिओच्या ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या चित्रपटाकडे वळणे आवश्यक आहे. कारण अमिकसचे एक संस्थापक मिल्टन सबॉट्स्की यांच्यासमोर हाच आदर्श होता. अल्बर्टो कॅव्हलकांती, चार्ल्स क्रिक्टन, बेसिल डिअर्डन आणि रॉबर्ट हॅमर या चौघांनी त्याचे दिग्दर्शन केले. वॉल्टर क्रेग नावाचा वास्तुविशारद कामानिमित्त एका खेड्यातील घरी येतो आणि तेथे जमलेली सर्व माणसे आपल्याला वारंवार पडणाऱ्या स्वप्नातील आहेत, हे त्याच्या लक्षात येते. हे ऐकून प्रत्येक पाहुणा आपला एकेक विलक्षण अनुभव सांगतो आणि उपस्थित मानसोपचारतज्ज्ञ त्याचे तर्कशुद्ध खंडन करीत राहतो. शेवटी स्वप्न भीषण टोकाला जाते, क्रेग जागा होतो, दूरध्वनी वाजतो, त्याच घरी येण्याचे निमंत्रण मिळते आणि त्याची मोटार पुन्हा त्याच रस्त्याने निघते.

या वर्तुळाकार रचनेची एक अनपेक्षित फलश्रुती विज्ञानाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड या तिघा शास्त्रज्ञांनी हा चित्रपट पाहिला. ज्याला प्रारंभ नाही आणि शेवटही नाही, असे विश्व असू शकेल काय, ही कल्पना त्यावरून पुढे आली, असे सांगितले जाते. १९४८ मध्ये त्यांनी स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. पुढे याच हॉयल यांचे शिष्य आणि सहकारी झालेले डॉ. जयंत नारळीकर मराठी वाचकाला परिचित आहेतच. भयपट पाहणे हा निव्वळ कालापव्यय होय असे मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावयास हरकत नाही.

‘डेड ऑफ नाइट’मधील पाचही कथा सारख्या दर्जाच्या नाहीत. गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची विनोदी कथा तर सरळ सपक आहे. याउलट मायकेल रेडग्रेव्ह यांनी साकारलेल्या शब्दभ्रमकाराची आणि त्याच्यावर हळूहळू सत्ता गाजवू लागणाऱ्या बाहुल्याची कथा आजही अस्वस्थ करते. अर्धवटरावांच्या चतुर उत्तरांना हसून दाद देणाऱ्या मराठी प्रेक्षकाला या कथेतील भय विशेष झोंबते. कारण बाहुला बोलतो तेव्हा बोलणारा नक्की कोण, ही शंका मुळात त्या हसण्याच्याच तळाशी असते.

अल्प खर्चाचे व्याकरण

सबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग हे दोघे अमेरिकी निर्माते. त्यांनी ब्रिटनमध्ये येऊन अमिकसची स्थापना केली. त्या वेळी तेथील भयपटांच्या बाजारावर ‘हॅमर’ या संस्थेचे वर्चस्व होते. हॅमरच्या चित्रपटांत जुना काळ, गढ्या, घोडागाड्या आणि पोशाख यांची रेलचेल असे. अमिकसने बहुतेक कथा वर्तमानकाळात आणल्या. त्यामुळे पोशाखाचा आणि नेपथ्याचा खर्च वाचला. रोजची बैठकीची खोली, आगगाडीचा डबा, जुन्या वस्तूंचे दुकान एवढ्यावर काम भागू लागले.

दुसरी सोय नटांची. संपूर्ण चित्रपटासाठी पाच-सहा नामवंत नट घेणे कोणत्याही छोट्या संस्थेला परवडणारे नव्हते. परंतु प्रत्येक कथा स्वतंत्र असल्याने एकेका नटाची गरज मोजकेच दिवस भासे. नटाला थोड्या दिवसांचे काम मिळे आणि जाहिरातीवर मात्र सर्वांची नावे एकत्र झळकत. ‘डॉक्टर टेररस् हाउस ऑफ हॉरर्स’ (१९६५) या पहिल्या संग्रहपटात पीटर कुशिंग, क्रिस्टोफर ली आणि तेव्हा फारसे प्रसिद्ध नसलेले डोनाल्ड सदरलँड एकत्र दिसतात, ते याच हिशेबाने. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ (१९७२) मध्ये राल्फ रिचर्डसन यांच्यासारखा रंगभूमीवरचा थोर नट तळघराचा रक्षक म्हणून अवतरतो.

तथापि, काटकसरीचा खरा परिणाम कथेच्या बांधणीवर झाला आहे. दीड तासात पाच कथा आणि वर चौकटकथा बसवायची, तर एका कथेच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटे येतात. दीर्घ भयपटात पूर्वार्धातील भीतीचे स्पष्टीकरण उत्तरार्धात द्यावे लागते आणि स्पष्टीकरण सुरू होताच भय ओसरू लागते. लघुकथेवर ही जबाबदारी नसते. धक्का बसला की ती संपते. राक्षस, भूत किंवा प्रेत क्षणभर दिसते, त्यामुळे रंगभूषेतील उणेपणा न्याहाळण्यास प्रेक्षकाला अवधीच मिळत नाही. हे दरवेळी साधतेच असे नाही. पहिल्याच चित्रपटातील घराला विळखा घालणारी वेल आज पाहताना भीतीपेक्षा कौतुकमिश्रित हसूच येते.

हिशेबाचे भय

अमिकसच्या उत्तम कथांत भूतापेक्षा हिशेब अधिक भयानक आहे. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ आणि ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ (१९७३) हे दोन चित्रपट अमेरिकेतील ईसी या प्रकाशनसंस्थेच्या १९५० च्या दशकातील चित्रकथांवर आधारलेले आहेत. या चित्रकथांतील हिंसेवर अमेरिकेत एवढे वादळ उठले की १९५४ मध्ये सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि ईसीच्या भयकथा बंद पडल्या. मुलांना बिघडविणाऱ्या म्हणून ज्या कथांवर ठपका ठेवण्यात आला, त्यांतील नीतिनियम मात्र कीर्तनकारालाही मान्य व्हावेत इतके कडक होते. पाप केले की त्याच मापाने परतफेड होणार.

‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मधील शेवटची कथा या दृष्टीने तपशिलाने पाहण्याजोगी आहे. लष्करातून निवृत्त झालेला एक मेजर अंधांच्या आश्रमाचा अधीक्षक म्हणून येतो. शिस्त आणि काटकसर यांच्या नावाखाली तो अन्नात व खोल्यांच्या उबेत कपात करतो. त्याची स्वतःची खोली मात्र उबदार असते, त्याचे जेवण उत्तम असते आणि त्याचा कुत्राही तृप्त असतो. अंध रहिवासी तक्रार घेऊन येतात तेव्हा तो त्यांची दखल घेत नाही. एक रहिवासी थंडीने मरण पावतो. त्यानंतर अंध माणसे कोणाकडे दाद मागत नाहीत. ती मेजरला कोंडतात, त्याच्या कुत्र्याला उपाशी ठेवतात आणि लाकडी फळ्यांचा एक अरुंद, वळणावळणाचा मार्ग शांतपणे बांधतात. भिंतींना दाढीची पाती ठोकलेली असतात. मेजर त्या मार्गात जपून पावले टाकू लागतो आणि मग दिवा बंद होतो. मागून भुकेला कुत्रा सोडलेला असतो.

या प्रसंगाला खर्च किती आला असेल? फळ्या, पाती, एक कुत्रा आणि विजेचे एक बटण. परंतु त्याचा परिणाम या सामग्रीतून आलेला नाही. अंधारात राहणाऱ्यांनी आपल्या अधिकाऱ्याला आपल्याच जगात क्षणभर आणून सोडले आहे, ही जाणीव येथे काम करते. संस्थेच्या वसतिगृहाचे किंवा भोजनगृहाचे अंदाजपत्रक कधीकाळी हाताळलेल्या कोणाही वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही.

याच चित्रपटात ग्रिम्सडाइक नावाच्या वृद्ध कचरावाल्याची कथा आहे. शेजारचे श्रीमंत पिता-पुत्र त्याला घरातून हुसकावण्यासाठी त्याचा छळ मांडतात. त्याच्या कुत्र्यांना त्याच्यापासून तोडतात आणि व्हॅलेंटाइन दिनी शेजाऱ्यांच्या नावाने त्याला विषारी शुभेच्छापत्रे पाठवितात. ग्रिम्सडाइक आत्महत्या करतो आणि वर्षभराने थडग्यातून उठतो. थडग्यातून उठण्याचा भाग ठरावीक आहे. लक्षात राहतो तो एकेक पत्र वाचताना विझत जाणारा कुशिंग यांचा चेहरा. जानेवारी १९७१ मध्ये कुशिंग यांच्या पत्नीचे निधन झाले होते, आणि ग्रिम्सडाइकही विधुर आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या भूमिकेत इतके दुःख ओतणारा नट लाभणे हे निर्मात्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येत नाही.

हिशेबाचा हा विचार ‘फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह’ (१९७४) मध्ये अक्षरशः दुकानाच्या गल्ल्यापर्यंत येतो. केव्हिन कॉनर दिग्दर्शित या चित्रपटात कुशिंग जुन्या वस्तूंचे दुकान चालवितात. एक गिऱ्हाईक खोटे बोलून किंमत पाडून घेते, दुसरे वस्तू चोरते, तिसरे किमतीच्या चिठ्ठ्या बदलते. तिघांचाही शेवट वाईट होतो. चौथा तरुण एक जुना नक्षीदार दरवाजा विकत घेतो. तोही संकटात सापडतो, पण वाचतो. दुकानदार गल्ल्यातील रक्कम मोजतो तेव्हा ती बरोबर भरते.

चौकटकथा आणि श्रोता

संग्रहपटातील चौकटकथा ही केवळ दोरा आहे असे मानले जाते. हे मत अपुरे आहे. पहिल्या अमिकसपटात आगगाडीच्या डब्यात पाच प्रवासी बसले आहेत. ‘श्रेक’ नावाचा एक गृहस्थ पत्ते काढून प्रत्येकाचे भविष्य सांगतो. प्रत्येक कथेअखेर मृत्यूचेच पान येते. शेवटी उघड होते की प्रवासी केव्हाच मेलेले आहेत. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मध्येही तळघरात वाट चुकलेल्या पाच जणांची हीच गत होते, आणि मग तो रक्षक वळून थेट प्रेक्षकाकडे पाहतो.

या युक्तीचे नाते भारतीय वाचकाला सहज ओळखू येईल. वेताळ पंचविशीत विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो आणि वेताळ त्याला कथा सांगतो. त्या कथा करमणुकीच्या वाटतात. पण अखेरीस कळते की ज्या योग्यासाठी राजा हे प्रेत वाहून नेत आहे, तो राजाचाच बळी देणार आहे. ऐकणारा कथेबाहेर सुरक्षित नाही, ही जाणीव भयकथेच्या चौकटीचे मर्म होय. अमिकसने ही कल्पना वेताळाकडून उचलली असे अर्थातच म्हणावयाचे नाही. काळोखात एकाने सांगावे व इतरांनी ऐकावे, या प्रसंगातच ती दडलेली असावी.

सुट्या कथांची असुरक्षितता

सुट्या कथांचा एक तोटाही आहे : त्या सहज काढून टाकता येतात. ‘डेड ऑफ नाइट’ अमेरिकेत दाखविताना दोन कथा गाळण्यात आल्या आणि चौकटीतील संदर्भ लंगडे झाले. सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’ (१९६१) मधील ‘मणिहारा’ ही एकमेव भयकथा. परदेशी आवृत्तीतून नेमकी तीच वगळली गेली आणि चित्रपट ‘टू डॉटर्स’ म्हणून गेला. ‘द एबीसीज ऑफ डेथ’ (२०१२) मध्ये सव्वीस दिग्दर्शकांना वर्णमालेचे एकेक अक्षर आणि प्रत्येकी सुमारे पाच हजार डॉलर देण्यात आले. चौकट नाहीच. तेथे प्रेक्षक घाबरण्यापेक्षा अक्षरे मोजत बसतो. यात दोष पैशाच्या कमतरतेचा नाही. कोण कोणाला आणि का सांगत आहे, हेच तेथे हरवले आहे.

हिंदीतील एक उदाहरण

राम गोपाल वर्मा यांची निर्मिती आणि प्रवाल रमण यांचे दिग्दर्शन असलेला ‘डरना मना है’ (२००३) हा हिंदीतील या प्रकाराचा उल्लेखनीय प्रयत्न होय. रानात गाडी बंद पडलेले सात मित्र शेकोटीभोवती सहा कथा सांगतात. २००६ मध्ये ‘डरना ज़रूरी है’ आला. २०२० मध्ये चार दिग्दर्शकांचा ‘घोस्ट स्टोरीज’ नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा साधने वाढली होती आणि नेमकेपणा घटला होता.

‘डरना मना है’मध्ये हिशेब ठेवणाराच बदलतो. एका कथेत सैफ अली खान यांचा प्रवासी एका निर्जन हॉटेलात उतरतो. बोमन इराणी यांनी रंगविलेल्या मालकाला धूम्रपान मान्य नाही, आणि सिगारेट सोडू न शकलेल्या पाहुण्यांना त्याने ठार केले आहे. क्षुल्लक व्यसनाला मृत्युदंड आणि तोही पाहुण्याच्या हितासाठी! ईसीच्या कथेत न्याय दैवाचा होता. येथे तो एका नीतिमान वेड्याच्या हाती बंदुकीसह आला आहे. सुधारणेच्या उत्साहाचे याहून बोचरे व्यंग्य त्या काळच्या हिंदी चित्रपटात क्वचितच सापडेल.

दुसऱ्या एका कथेत शिल्पा शेट्टी यांची गृहिणी राजपाल यादव यांच्या गाडीवरून आश्चर्यकारक स्वस्त सफरचंदे घेते. येथे कोणी किंमत पाडून घेतलेली नाही, चोरी केलेली नाही, चिठ्ठी बदललेली नाही. तरीही ती फळे खाणारी माणसे एकामागून एक सफरचंदे होतात. नवरा बसला होता तेथे एक लाल फळ उरते, आणि रस्त्यावर माणसांच्या जागी सफरचंदेच पडलेली असतात.