बीजिंगचे कारभारी – लेखांक ५ : तिजोरी परत आणणारे झू रोंगजी

गेल्या आठवड्यात आपण पंतप्रधान ली पेंग यांची कारकीर्द पाहिली. ते पदावर असतानाच अर्थव्यवस्थेची सूत्रे एका उपपंतप्रधानाच्या हातात गेली होती. त्यांचे नाव झू रोंगजी. १९९३च्या शरद ऋतूत हे गृहस्थ साठेक अधिकाऱ्यांचा ताफा घेऊन एकामागून एक प्रांत पालथे घालत होते. काम एकच होते, करांच्या वाटणीवर प्रांतांशी सौदा करण्याचे. चीनमध्ये बीजिंगने हुकूम सोडायचा आणि प्रांतांनी मान डोलवायची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. या दौऱ्याकडे पाहिले की ती टिकत नाही.

सुधारणांच्या पहिल्या दशकात केंद्राने प्रांतांशी एक प्रकारचा ठेका केला होता. ठरलेली रक्कम बीजिंगला द्यायची आणि उरलेला महसूल स्वतःकडे ठेवायचा. प्रांत श्रीमंत झाले, केंद्र कंगाल झाले. १९९३ साली देशाच्या एकूण अर्थसंकल्पीय महसुलात केंद्राचा वाटा जेमतेम २२ टक्के उरला होता. झू यांनी नवी विभागणी मांडली. मूल्यवर्धित कराचा ७५ टक्के भाग केंद्राचा, २५ टक्के स्थानिक सरकारचा. ग्वांगदोंग प्रांताने हे मान्य केले, पण एक अट घातली. जुन्या उत्पन्नाची हमी १९९२च्या आकड्यावर नको, १९९३च्या आकड्यावर हवी. झू यांनी ती मानली. मग त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत देशभर स्थानिक करवसुलीला विलक्षण ऊत आला. वर्षानुवर्षांची थकबाकीही वसूल झाली, कारण जितका आकडा फुगेल तितकी हमी मोठी. झू यांना हे दिसत होते. थोडे गमावून मोठे पदरात पाडायचा हा व्यवहार होता. १९९४ साली केंद्राचा वाटा थेट ५५ टक्क्यांच्या पुढे गेला.

असा सौदा करणारा माणूस पक्षाच्या साच्यातून सहज बाहेर पडलेला नव्हता. झू यांचा जन्म १९२८ सालचा, हुनान प्रांतातल्या चांगशा शहरातला. जन्माआधीच वडील गेलेले, आईही लहानपणीच गेली. काकांनी वाढवले. बीजिंगच्या छिंगहुआ विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, १९४९ मध्ये कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि पुढे राज्य नियोजन आयोगात नोकरी धरली. १९५७ मध्ये माओंनी टीकेचे जाहीर आमंत्रण दिले. तरुण झू कार्यालयातल्या बैठकीत काही मिनिटे मोकळेपणाने बोलले. परिणाम व्हायचा तो झाला. ‘उजवे’ असा शिक्का बसला आणि १९५८ मध्ये त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात १९७० ते १९७५ ही पाच वर्षे त्यांनी कामगार-छावणीवजा ‘कार्यकर्ता शाळेत’ काढली. तिथे भात लावला, डुकरे पाळली, मेंढ्या राखल्या. पक्षाने त्यांना पुन्हा जवळ केले ते १९७८ मध्ये, तब्बल वीस वर्षांनी. ज्या वयात इतर नेते गटबाजीचे आणि गोतावळ्याचे भांडवल जमवतात, ते वय त्यांच्या बाबतीत कोरेच गेले. पुढे त्यांच्यामागे स्वतःचा असा गट कधी दिसला नाही, त्याचे एक कारण हे असावे.

नशीब उघडले ते शांघायमध्ये. १९८८ साली ते तिथले महापौर झाले. परदेशी गुंतवणूकदाराला एका कारखान्यासाठी डझनावारी कार्यालयांचे शिक्के गोळा करावे लागत. झू यांनी ते काम एका समितीकडे दिले आणि ‘एका शिक्क्याचे झू’ हे नाव कमावले. १९८९च्या जूनमध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात रणगाडे आले. शांघायही धुमसत होते. झू यांनी ८ जूनच्या रात्री दूरचित्रवाणीवरून शहराला सांगितले की सैन्य बोलावणार नाही. बीजिंगमध्ये घडले तो इतिहास आहे आणि इतिहास कोणाला लपवता येत नाही, असेही ते म्हणाले. कोणाची बाजू न घेता बोललेले हे वाक्य दोन्ही बाजूंना आपले वाटले. शहर सैन्याविना शांत झाले. पुढच्याच वर्षी हुआंगपू नदीपलीकडच्या पुदोंगच्या विकासाची घोषणा झाली. आज शांघायचे चित्र म्हणून जे मनोरे आपण पाहतो, ते त्याच काठावरचे.

चीनचे ज्येष्ठ नेते डेंग झियाओपिंग यांना या माणसाला अर्थव्यवस्था कळते हे पटले होते. १९९१ मध्ये झू उपपंतप्रधान झाले आणि १९९२ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळात, पॉलिटब्यूरोच्या स्थायी समितीत, जाऊन बसले. तोवर ते केंद्रीय समितीचे केवळ पर्यायी सदस्य होते. मधल्या पायऱ्या त्यांनी चढल्याच नाहीत.

तिथे पोहोचले तेव्हा घराला आग लागलेली होती. सुधारणांना वेग द्या असे सांगणाऱ्या डेंग यांच्या १९९२च्या दक्षिण दौऱ्यानंतर प्रांतांनी बेफाम कर्जे काढून कारखाने, वसाहती, हॉटेले यांचा सपाटा लावला होता. १९९३च्या उन्हाळ्यात झू यांनी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नरपदही स्वतःकडे घेतले. सोळा कलमी कार्यक्रम आला. नियमबाह्य कर्जे परत बोलावली गेली, व्याजदर चढले, बँकांना सट्ट्यातून बाहेर काढले. १९९४ साली महागाई २४ टक्क्यांवर गेली होती. १९९६ मध्ये ती ८ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि विकासदर मात्र १० टक्क्यांच्या जवळ टिकून राहिला. महागाई मोडताना मंदी ओढवली नाही, हे यश अर्थशास्त्राच्या वर्गात आजही शिकवण्याजोगे आहे.

१९९८च्या मार्चमध्ये वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते पंतप्रधान झाले. आल्याआल्याच मंत्रालये आणि आयोग ४० वरून २९ वर आणले. आशियाई आर्थिक संकटात शेजाऱ्यांची चलने कोसळत असताना युआनचे अवमूल्यन करणार नाही, हा शब्द पाळला. त्याच वर्षी यांगत्सेला महापूर आला. ज्यूज्यांगचा बांध फुटला आणि काँक्रीटमध्ये सळयाच नसल्याचे उघड झाले, तेव्हा हा बांध नव्हे, टोफूचा चोथा आहे, अशा शब्दांत त्यांनी अधिकाऱ्यांची जाहीर हजेरी घेतली. चिनी जनतेला हा राग आपला वाटला.

पण त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात कठोर अध्याय सरकारी कारखान्यांचा आहे. तोट्यातले उद्योग बंद करायचे, विकायचे किंवा एकत्र करायचे, हे ठरले. सुरुवात कापडगिरण्यांपासून झाली. १९९८च्या जानेवारीत शांघायमध्ये जुन्या चात्या अक्षरशः हातोड्याने फोडण्यात आल्या. पुढच्या काही वर्षांत सरकारी उद्योगांतल्या अडीच कोटींहून अधिक कामगारांची नोकरी गेली. नोकरीबरोबर घर, दवाखाना, मुलांची शाळा हे सारे सुटले, कारण ते सगळे कारखान्याकडूनच मिळत असे. २००२ च्या वसंतात ईशान्येकडल्या ल्याओयांग आणि दाचिंगमध्ये हजारो कामगार रस्त्यावर उतरले. नेत्यांना तुरुंगवास झाला.

दुसरीकडे जागतिक व्यापार संघटनेची वाट मोकळी झाली. १९९९च्या एप्रिलमध्ये झू मोठ्या सवलती घेऊन वॉशिंग्टनला गेले. क्लिंटन यांनी ऐनवेळी हात आखडता घेतला, आणि अमेरिकेने त्या सवलतींची यादी जाहीर करून टाकली. मायदेशी त्यांच्यावर देश विकल्याचा आरोप झाला. महिन्याभरात बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर अमेरिकी बाँब पडले. तरीही १५ नोव्हेंबर १९९९ रोजी बीजिंगमध्ये करार झाला. बोलणी अडली तेव्हा झू स्वतः टेबलाशी येऊन बसले होते. ११ डिसेंबर २००१ला चीन संघटनेचा सदस्य झाला. पुढच्याच महिन्यात ते भारतात आले. दिल्ली, आग्रा, मुंबई, बेंगळुरू असा त्यांचा दौरा झाला. तुमचे सॉफ्टवेअर आणि आमचे हार्डवेअर एकत्र आले तर जगात आपणच पहिले, असे ते इन्फोसिसमध्ये म्हणाले. आपण त्या वाक्याला टाळ्या दिल्या. चीनने पुढच्या दशकात हार्डवेअरचे कारखाने उभारले.

आता ताळेबंद. १९९४च्या कररचनेने पैसा वर गेला, पण शाळा, रस्ते, दवाखाने यांचा खर्च खालीच राहिला. त्यात १९९८ साली सरकारी नोकरीबरोबर मिळणारे घर बंद करून घरांचा बाजार खुला करण्यात आला. पैशाला मोताद झालेल्या स्थानिक सरकारांना वाट सापडली. शेतकऱ्यांची जमीन स्वस्तात घ्या, बिल्डरला महाग विका. झू २००३ मध्ये निवृत्त झाले. या वाटेचा महामार्ग त्यांच्या वारसांनी केला, आणि तो २०२१ मध्ये एव्हरग्रांड या बिल्डर कंपनीच्या कर्जबुडीपर्यंत जाऊन पोहोचला. एकाच माणसाचे दोन उपाय स्वतंत्रपणे योग्य होते. दोन्ही मिळून तिसरा रोग झाला.

झू यांचा राग खरा होता, प्रामाणिकपणाही खरा होता. पण अधिकाऱ्याला जाब विचारायला प्रत्येक वेळी पंतप्रधानालाच बांधावर जावे लागत असेल, तर ती व्यवस्था सुधारली असे म्हणता येत नाही. जाब विचारणारे वृत्तपत्र, न्यायालय, मतदार यांपैकी काहीही त्यांनी उभे केले नाही. पक्षाने ते करू दिले नसते आणि त्यांनीही ते मागितले नाही. पैशाची शिस्त त्यांनी लावली, सत्तेची नाही. चीनच्या आजवरच्या पंतप्रधानांत सर्वात कर्तबगार कोण, असे विचारले तर माझे उत्तर झू रोंगजी हेच असेल, आणि त्या कर्तबगारीची मर्यादाही हीच आहे.

(पुढील आठवड्यात : वेन जियाबाओ)