मंगळाचा दगड इथे का हवा

मंगळावरचे दगड पृथ्वीवर आणायचा एवढा खटाटोप कशाला, याचं पटणारं उत्तर वऱ्हाडातच, लोणारला मिळतं. काळ्या बेसॉल्टमध्ये उल्कापाताने पडलेलं हे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचाच. लोणारचं वय आधी 50 हजार वर्षांच्या आसपास धरलं जाई. 2011 मध्ये आघाताने वितळून थिजलेल्या खडकातला आरगॉन प्रयोगशाळेत मोजला, तेव्हा ते सुमारे 5 लाख 70 हजार निघालं. पायाखालच्या जागेचा अंदाज दहापटीने चुकतो, तर मंगळावरची विवरं नुसती लांबून मोजून काढलेल्या वयावर किती विसंबायचं?

उपकरणंच तिकडे पाठवा, असं कुणी म्हणेल. मंगळावरच्या क्युरिऑसिटी या रोव्हरने तिथल्या खडकाचं वय काढलंही: 421 कोटी वर्षं, पण 35 कोटी इकडे-तिकडे. ग्रहाचं बालपण शोधताना एवढी फट फार मोठी. मंगळाचे तुकडे आयतेही येतात, हे खरं. 1865 मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेला पाषाण त्यांतलाच. त्यातली मॅस्केलिनाइट ही आघाताने बनलेली काच लोणारच्या खडकातही सापडते. पण तो पाषाण मंगळावरच्या कोणत्या थरातून उडाला, हे कळत नाही. पर्सिव्हिअरन्स या रोव्हरने मंगळावरच्या जेझेरो विवरात नळ्यांत भरलेल्या नमुन्यांची जागा मात्र नोंदलेली आहे.