टोर्नेडो आणि शेवटच्या दहा मिनिटांचे गैरसमज

टोर्नेडो येतोय असं कळलं की आधी घराच्या खिडक्या उघडा, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होईल आणि घर फुटणार नाही, हा सल्ला अमेरिकेतल्या कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास या राज्यांत पिढ्यानपिढ्या दिला गेला. डोळ्यांना पटेल असं कारणही त्यामागे होतं. वादळ गेल्यावर छप्पर उडालेलं आणि भिंती बाहेरच्या बाजूला पडलेल्या दिसत, जणू आतूनच स्फोट झाला असावा. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधल्या लबक शहरात टोर्नेडोनं २६ जणांचा बळी घेतला. त्यानंतर तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी पडलेल्या इमारतींचा बारकाईनं अभ्यास केला. भारतातून तिकडे गेलेले प्राध्यापक किशोर मेहता हे त्यांतलेच एक. या अभ्यासातून दिसलं ते असं की साधं राहतं घर हवाबंद नसतंच, दारं-खिडक्यांच्या फटींतून आणि छताखालच्या झरोक्यांतून दाब आपोआप सारखा होत जातो. घर मोडतो तो वारा. तो एखादी खिडकी किंवा गॅरेजचं दार फोडून आत घुसतो, छताला खालून उचलतो, आणि वरचा आधार गेला की भिंती ढासळतात. म्हणजे खिडकी उघडणारा माणूस वाऱ्याला स्वतःच्या हातानं वाट करून देतो, आणि आडोशाला जाण्यातली मोलाची मिनिटं काचेपाशी उभं राहून घालवतो.

या एका समजुतीवर एवढं थांबण्याचं कारण असं की टोर्नेडोबद्दलचे बहुतेक गैरसमज याच साच्यातले आहेत. वादळ दिसल्यावर शेवटच्या क्षणी केलेली एखादी युक्ती, किंवा निसर्गानं आधीच देऊन ठेवलेली एखादी ढाल आपल्याला वाचवील, असं ते सांगतात. पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. ग्रामीण काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, कोण वाचेल याचा बराचसा निकाल वादळ येण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो, आणि तो एकट्या माणसाच्या हुशारीवर लागत नाही. आपल्याला वादळ म्हटलं की ‘निसर्ग’सारखं चक्रीवादळ आठवतं. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर येण्याआधी त्याचा मार्ग कळला होता, लोकांना हलवायला वेळ मिळाला होता. टोर्नेडोचं तसं नसतं. अनुकूल हवा आहे हे काही तास, कधी काही दिवस आधी सांगता येतं; पण नेमकं या गावावर येतंय, हे कळल्यावर हाती उरतात ती सरासरी दहाएक मिनिटं. एवढ्या वेळात ठरलेलं अमलात आणता येतं. नव्यानं काही ठरवता येत नाही.

निसर्गाच्या ढालीवरचा विश्वास किती महाग पडतो, हे कॅन्ससची राजधानी टोपिकानं अनुभवलं. शहराच्या नैर्ऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे, आणि ती शहराचं टोर्नेडोपासून रक्षण करते अशी जुनी समजूत होती. ८ जून १९६६ च्या संध्याकाळी टोर्नेडो नेमका त्या टेकडीवरूनच उतरला आणि शहर कापत गेला. घराचा नैर्ऋत्य कोपरा सगळ्यात सुरक्षित, ही दुसरी समजूतही याच वादळानंतर तपासली गेली. टोर्नेडो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पडझड पुढे ईशान्येकडे फेकली जाईल, हा त्यामागचा तर्क. कॅन्सस विद्यापीठाचे जो ईगलमन यांनी टोपिकातली घरं पाहिली, तेव्हा वाऱ्याच्या तोंडावरची हीच बाजू जास्त धोक्याची ठरलेली दिसली. नदी आडवी आली की टोर्नेडो थांबतो, हेही खरं नाही. १८ मार्च १९२५ ला तीन राज्यांतून साडेतीनशे किलोमीटर गेलेल्या आणि सुमारे ७०० माणसं मारणाऱ्या टोर्नेडोनं वाटेत मिसिसिपी ओलांडली होती. डोंगराचं म्हणाल, तर १९८७ मध्ये वायोमिंगमधल्या एका टोर्नेडोनं सुमारे १०,००० फूट उंचीवर जंगल आडवं केलं. आणि एकदा येऊन गेला की त्याच गावात परत येत नाही असं मानणाऱ्यांसाठी कॅन्ससमधलं कोडेल आहे. १९१६, १९१७ आणि १९१८ या तिन्ही वर्षी, २० मे या एकाच तारखेला, तिथे टोर्नेडो आला.

उड्डाणपुलाखाली आसरा घेण्याची समजूत त्यामानानं नवी, आणि ती एका चित्रफितीतून पसरली. एप्रिल १९९१ मध्ये कॅन्ससच्या महामार्गावर टीव्हीच्या वार्ताहरांनी आणि इतर प्रवाशांनी पुलाच्या तुळयांना धरून जीव वाचवला, आणि ते दृश्य देशभर पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. त्या जागी वारा तुलनेनं कमी होता, आणि त्या पुलाला धरून बसण्याजोग्या उघड्या तुळया होत्या, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात टोर्नेडोंची रांग लागली, तेव्हा लोक गाड्या सोडून पुलांखाली धावले. तीन वेगवेगळ्या पुलांखाली तीन जण मेले, आणि कितीतरी जण भयंकर जखमी झाले. पुलाखालची अरुंद जागा वाऱ्याचा वेग वाढवते, चढावर वर बसलेला माणूस जमिनीलगतच्या माणसापेक्षा जास्त वारा खातो, आणि उडत येणाऱ्या पत्र्या-लाकडांपासून तिथे काहीच संरक्षण नसतं. शिवाय पुलाखाली थांबलेल्या गाड्यांनी मागच्यांचा रस्ता अडतो, म्हणजे एकाचा गैरसमज दुसऱ्याच्या जिवावर बेततो.

आता टोर्नेडोचा इशारा देणाऱ्या भोंग्याकडे येऊ, कारण इथे गैरसमज लोकांचा आहे तसा व्यवस्थेचाही. भोंगा वाजला नाही म्हणजे धोका नाही, असं खूप जण धरून चालतात. मुळात हा भोंगा शेतात, मैदानात, रस्त्यावर असलेल्या लोकांसाठी असतो. बंद खिडक्या, चालू एसी आणि गाढ झोप यांतून तो ऐकू येईलच असं नाही. आणि विखुरलेल्या वस्तीच्या काउंटीत बऱ्याच घरांपर्यंत त्याचा आवाज पोचतच नाही. त्यात रात्रीचे टोर्नेडो दिवसाच्या टोर्नेडोंपेक्षा जास्त जीवघेणे असतात. म्हणून उशाशी हवामान रेडिओ हवा. तीस-चाळीस डॉलरचा हा छोटा डबा एरवी गप्प असतो. त्यात आपल्या काउंटीचा सहा आकडी संकेत भरून ठेवला की त्या काउंटीचा इशारा येताच तो स्वतःहून कर्कश ओरडतो, आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालतो.

यावर आक्षेप ठरलेला असतो : इशारे खोटेच निघतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेत टोर्नेडोचे साधारण दहातले सात इशारे टोर्नेडोविना संपत आले आहेत, आणि जिथे खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण जास्त तिथे बळीही जास्त, असं केविन सिमन्स आणि डॅनियल सटर या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये आकडेवारीनं दाखवलं. मिसूरीतल्या जॉप्लिनमध्ये २२ मे २०११ ला पहिला भोंगा टोर्नेडो जमिनीला टेकण्याच्या वीसएक मिनिटं आधी वाजला, तरीही दीडशेहून अधिक लोक मेले. नंतरच्या चौकशीत कळलं की बहुतेकांनी भोंगा ऐकून लगेच आसरा घेतला नाही. कुणी टीव्ही लावला, कुणी बाहेर येऊन आकाश पाहिलं, दुसरीकडून खात्री होईपर्यंत थांबले. मला यात लोकांचा बेफिकीरपणा दिसत नाही. एका आवाजावर विश्वास न ठेवता दुसरा शोधणं हा माणसाचा स्वभाव आहे. मग तो दुसरा आवाज आधीच ठरवून ठेवावा. शेजाऱ्याचा फोन, चर्चच्या मंडळींचा एकमेकांना जाणारा निरोप, शाळेचा संदेश असा एखादा ओळखीचा आवाज रेडिओच्या जोडीला आला, की शंकेत जाणारी मिनिटं वाचतात. खोट्या इशाऱ्यावर हललो तर त्याची किंमत तळघरात काढलेला अर्धा तास एवढीच असते. खऱ्या इशाऱ्याकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत जॉप्लिननं मोजली.

आता रडार सगळं पाहतं, मग माणसांची गरज काय, असंही विचारलं जातं. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. रडारपासून शंभर किलोमीटरवर सगळ्यात खालचा झोतसुद्धा जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून जातो, त्याखाली काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. रडार मोठ्या शहरांजवळ असेल तर दूरची काउंटी या आंधळ्या पट्ट्यात येते. तिथे डोळे लागतात ते स्कायवॉर्न या निरीक्षकांच्या जाळ्यातल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचे. १९६५ च्या एप्रिलमधल्या मोठ्या टोर्नेडो-संहारानंतर हे जाळं नीट उभं राहिलं, आणि आज देशभरात त्यात लाखो लोक आहेत : शेतकरी, ट्रकचालक, हौशी रेडिओवाले, स्वयंसेवी अग्निशमन दलाचे लोक. ढगाची भिंत फिरतेय का, खाली धूळ उठलीय का, हे ते आपल्या वाटून घेतलेल्या नाक्यावरून कळवतात. हवामान खात्याचा इशारा वरून खाली येतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याची निम्मी वाट खालून वर गेलेली असते.

सगळ्यात कठोर गैरसमज ट्रेलर घरांबद्दलचा आहे. टोर्नेडो ट्रेलरची वस्ती शोधत येतो, असं अर्धं थट्टेनं आणि अर्धं दैववादानं म्हटलं जातं. टोर्नेडो काहीही शोधत नाही. ट्रेलर घर मुळातच हलकं असतं, ते पोलादी चौकटीवर उभं असतं, आणि ती चौकट जमिनीत पिळून घातलेल्या लोखंडी नांगरांना पट्ट्यांनी बांधलेली असते. नांगर कमी असले, पट्टी गंजली किंवा सैल पडली, की जो वारा पक्क्या घराचे पत्रे उचकटतो तोच हे घर अख्खं उलटवतो. म्हणून देशातल्या घरांत अशा घरांचा वाटा थोडा असूनही टोर्नेडोत जाणाऱ्या जिवांत तो निम्म्याच्या आसपास असतो. अलाबामाच्या ली काउंटीत ३ मार्च २०१९ ला २३ जण मेले, त्यांतले बहुतेक ट्रेलर घरांतले होते. हे दैव नाही, नियमांचा परिणाम आहे. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर या घरांसाठी वाऱ्याचे कडक नियम आले, पण ते किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांसाठी. टोर्नेडोचा खरा मार असलेल्या आतल्या काउंट्या सौम्य नियमांच्या पट्ट्यातच राहिल्या.

इथे गावाकडचा माणूस म्हणेल, आम्ही आमचं पाहून घेतो, सरकारनं आमच्या घरात येऊ नये. स्वावलंबनाचा हा अभिमान खरा आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण ट्रेलरमध्ये राहणाऱ्याला तळघर खणायची सोय नसते, जमीनही बहुधा भाड्याची असते. तो स्वावलंबी असला तरी नांगरापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नाही, आणि चांगला नांगरलेला ट्रेलरही टोर्नेडोत थांबण्याजोगी जागा नाही. त्याला हवा चालत किंवा दोन-तीन मिनिटांत गाडीनं गाठता येईल असा सामायिक निवारा. केंद्राच्या आपत्ती निधीतून अशा निवाऱ्याचा तीन-चतुर्थांश खर्च मिळू शकतो. उरलेलं काउंटीनं, शाळेनं, चर्चनं उभं करायचं. आणि काँक्रीट ओतून काम संपत नाही. किल्ली कुणाकडे, रात्री दोन वाजता दार कोण उघडणार, नुसती शक्यता वर्तवली गेली तेव्हाच उघडायचं की इशाऱ्याची वाट पाहायची, चाकाच्या खुर्चीतल्या आजींना कोण आणणार, कुत्रा आणला तर आत घेणार का, हे प्रश्न बैठकीत बसून सोडवावे लागतात. कुलूपबंद निवारा हा नसलेल्या निवाऱ्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस उघड्यावर येतो.

आधी ठरवून काय साधतं हे कॅन्ससच्या कायोवा काउंटीतल्या ग्रीन्सबर्गनं दाखवलं. ४ मे २००७ च्या रात्री सुमारे पावणेतीन किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो या दीड हजार वस्तीच्या गावावरून गेला आणि ९५ टक्के गाव नाहीसं झालं. मेले ते डझनभराच्या आसपास. प्रत्येक मृत्यू दुःखाचाच, पण त्या विध्वंसाच्या मानानं हा आकडा फार लहान आहे. साधारण वीस मिनिटं आधी भोंगे वाजले होते, इशाऱ्याची भाषा नेहमीपेक्षा स्पष्ट आणि कडक होती, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच घरांना तळघरं होती, त्यांत जाण्याची सवय होती. पुढे गावानं तंबूत सभा घेऊन पुनर्बांधणी ठरवली आणि मोठ्या सार्वजनिक इमारती पर्यावरणाच्या सर्वोच्च दर्जाच्या बांधायचा ठराव केला. तरीही २०१० च्या जनगणनेत तिथे ७७७ माणसं उरली होती. एकजुटीनं जीव वाचतात. गाव पूर्वीइतकं भरेलच असं नाही, आणि तसं आश्वासन कुणी देऊ नये.

मराठी घरांतली कितीतरी मुलं आज टेक्सास, ओक्लाहोमा, मिसूरी, अलाबामात राहतात, आणि उन्हाळ्यात, म्हणजे ऐन टोर्नेडोच्या दिवसांत, आईवडील त्यांच्याकडे जाऊन राहतात. तिथल्या टीव्हीवर आणि रेडिओवर इशारा काउंटीच्या नावानं दिला जातो. घराचा पत्ता पाठ असतो, पण आपण कुठल्या काउंटीत आहोत हे पाहुण्याला माहीत नसेल तर तो इशारा त्याच्यासाठी दिलाच नाही असं होतं. पुढच्या फोनवर मुलांना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या : काउंटीचं नाव, घरातली सगळ्यात खालची, बिनखिडकीची आतली खोली, आणि रात्री हाक मारता येईल अशा शेजाऱ्याचा नंबर.