नाडी टिपणारा रबरबँड

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले जोनाथन कोलमन आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांचं साहित्य ऐकलं, की वाण्याची यादी वाचतोय असं वाटतं. ग्राफाइटच्या पुडीतून अणूइतके पातळ पापुद्रे, म्हणजे ग्राफीन, सुटे करायला घरचा मिक्सर आणि भांडी घासायचं लिक्विडही चालतं, हे त्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी त्यांनी रबरबँड हाती घेतला. साधाच, दुकानातला.

टोल्यूइनमध्ये बुडवलेला रबरबँड भिजत घातलेल्या वालासारखा फुगतो आणि आतून सैलावतो. मग तो ग्राफीनच्या काळ्या मिश्रणात ठेवायचा. पापुद्रे हळूहळू आत शिरतात. नंतर धुवायचा, वाळवायचा. द्रावक उडून गेलं की रबर आक्रसतं आणि ग्राफीन आतच अडकतं. आता या रबरातून वीज वाहते! ताणलं की पापुद्रे एकमेकांपासून दुरावतात, विजेची वाट बिकट होते, रोध वाढतो. मोजायचं ते एवढंच.

ताण मोजायला पुलाच्या गर्डरला चिकटवतात ती धातूची पट्टी इथे कुचकामी. तिची संवेदनशीलता, म्हणजे गेज फॅक्टर, दोनच्या आसपास. शिवाय कोपर वाकताना कातडी तीसेक टक्के सहज ताणली जाते, तेवढ्यात धातू कधीच तुटलेला असतो. या रबरबँडचा गेज फॅक्टर ३५ पर्यंत गेला आणि तो ८०० टक्क्यांहून जास्त ताण सोसून काम करत राहिला. सांध्यांची हालचाल, श्वास, नाडी, सगळं त्याने टिपलं.

२०१६ मध्ये याच गटाने मुलांच्या खेळातली सिली पुटी ग्राफीन घालून मळली. गेज फॅक्टर ५०० च्या वर! मानेवर ठेवल्यावर तिला नाडी कळलीच, छोट्या कोळ्याची पावलंही कळली.

पण पुटी ती पुटीच. ठेवली की पसरते. आतली पापुद्र्यांची जाळी मोडते, पापुद्रे सरकून पुन्हा जुळतात. सांधून घेण्याचा हा गुण सुरेख, पण रोधाचा मघाचा आकडा आणि आत्ताचा आकडा जुळवताना तोच आडवा येतो. रबराचंही वेगळं नाही: त्याच लांबीला ताणताना एक रोध, सोडताना दुसरा.

आणि रोध मोजायला जोडायची तार? रबराला डाग देता येत नाही. मग चांदीची पेस्ट लावून ती बसवायची. मऊ आणि कडक जिथे भेटतात तो हा सांधा. ताणून-सोडून, ताणून-सोडून पाहताना बहुधा पहिल्यांदा निखळतो तो हाच.