हवेतला ठोसा

दिवाळी सरली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा मंडई, रात्री नाटक. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली पोरं त्या दिवसासाठी घरी येतात. अर्जुनी-मोरगावकडच्या माझ्या गावी गेल्या मंडईला पुण्याहून भाचा आला, तो एक डबा घेऊन. त्यात पाणबुड्याच्या चष्म्यासारखं जाडजूड यंत्र आणि हातात धरायच्या दोन मुठी. "मामाजी, एकदा लावून तर पाहा," म्हणाला. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला नाही म्हणणं शोभलं नसतं.

यंत्र डोळ्यांवर चढलं आणि ओसरी नाहीशी झाली. मी एका आखाड्यात उभा होतो. समोर फुगवलेल्या दंडांचे पहिलवान, झिंगल्यासारखे डुलत माझ्यावर चालून येत होते. खेळाचं नाव 'गॉर्न'. दक्षिण आफ्रिकेतल्या 'फ्री लाइव्हज' या कंपनीने तो २०१९ साली पूर्ण स्वरूपात आणला. रक्ताचा सडा पडतो, पण सगळं इतकं रबरी की किळस येण्याआधी हसू येतं. हातातली गदासुद्धा वांग्याच्या देठासारखी लवते.

हे पहिलवान असे का डुलतात, ते भाच्याने सांगितलं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. जुन्या खेळांत मार खाल्लेला माणूस दर वेळी एकाच ठरावीक पद्धतीने पडे. ते पडणं आधीच चितारून ठेवलेलं असे. २००० सालच्या 'हिटमॅन' या डेन्मार्कच्या खेळात निराळी युक्ती वापरली गेली. माणसाचं शरीर म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. प्रत्येक बिंदू आत्ता कुठे आहे आणि क्षणापूर्वी कुठे होता, एवढंच संगणक लक्षात ठेवतो. दोहोंच्या फरकावरून पुढची जागा काढतो, मग काड्यांची लांबी बिघडली असेल तर ती पुन्हा पुन्हा सारखी करतो. या हिशेबाची रीत लू व्हर्ले या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९६७ साली रेणूंच्या हालचाली मोजण्यासाठी वापरली होती. आज तंत्र बरंच पुढे गेलं आहे, पण पडणारा देह चितारायचा नाही, मोजायचा, ही गोष्ट तीच. 'गॉर्न'मधले पहिलवान तर जिवंतपणीही या गणिताच्या तावडीत असतात. त्यामुळे दर ठोशाला ते नव्याच तऱ्हेने कोलमडतात.

आणि इथेच मला आमचं नाटक आठवलं. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मारामारी म्हणजे हिशेबाचं काम. मारणाऱ्याने हात गालापाशी थांबवायचा, खाणाऱ्याने मान झटकायची, आणि तबलजीने थाप वेळेवर द्यायची. अठरा वर्षांचा असताना गावच्या नाटकात माझा हात थांबला नाही. समोर माझा जिवलग मित्र होता. त्याचा पुढचा दात गेला. त्याने तोंड मिटून प्रवेश पुरा केला. त्या रात्रीनंतर मी रंगमंचावर चढलो नाही, आणि या गोष्टीबद्दल त्याच्याशी कधी बोललोही नाही.

खऱ्या ठोशाला समोरचा देह अडवतो. तो अडवणार हे स्नायूंना ठाऊक असतं. त्या हिशेबानेच आपण जोर लावतो. खेळातला पहिलवान मात्र हवा आहे. मूठ हातात थोडी थरथरते, बस्स. मारलं ते पोचलं की नाही, हे हाताला कळत नाही, म्हणून तो आणखी जोराने मारतो. ती गदा लवचीक ठेवण्यामागे हेच कारण असावं, असा माझा अंदाज: ताठ लोखंडी गदा कापसासारखी हलकी लागली असती, तर फसवणूक लगेच उघडी पडली असती. (मळमळीचं म्हणाल, तर डोळे 'चाललो' म्हणतात आणि कानाच्या आतला तोल 'उभा आहेस' म्हणतो, त्या भांडणातून ती होते. मला पाव तासात काही झालं नाही.)

खेळण्याआधी जमिनीवर एक रेघ आखून घ्यावी लागते. तिच्याजवळ गेलो की डोळ्यांपुढे जाळी उभी राहते. पण ती रेघ मी कुठे आहे तेवढंच सांगत होती. आत दुसरं कोणी आलं, हे मला कळलं नाही. एका पहिलवानाला उजव्या हाताने सणसणीत ठेवून दिली, आणि या वेळी हाताला काहीतरी खरंच लागलं. मऊ.

यंत्र ओढून काढलं. तोच मित्र. चहाचा कप घेऊन कौतुकाने जवळ आला होता. चहा धोतरावर, हात गालावर. भाचा पांढराफटक. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"काहून बे, एका दातानं मन नाई भरलं का?" तो म्हणाला.

तेव्हा कुठे मी पंचेचाळीस वर्षं राहिलेली माफी मागितली. त्याने ती नीट ऐकूनही घेतली नाही. त्याचं लक्ष यंत्राकडे होतं. ते डोळ्यांवर चढवण्याआधी मात्र त्याने मला दंडाला धरून ओसरीच्या पायरीखाली नेऊन उभं केलं, आणि तिथून हलायचं नाही म्हणून बजावलं.