बहिणीची सही

कापूरहोळ हें गांव पुणें-सातारा हमरस्त्यावर, भोरकडे वळणाऱ्या फांट्यापाशीं आहे. संभाजी महाराजांस दूध पाजणारी धाराऊ याच गांवची. या मुलखांत, किंबहुना उभ्या महाराष्ट्रांत, खातेदाराचें तेरावें उरकतें न उरकतें तोंच बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा रिवाज आहे. बहीणहि सही करते. कारण तिला भाऊबीज आणि माहेरचा उंबरा राखावयाचा असतो. यास कोणी प्रेम म्हणतात. आम्ही त्याचा हिशेब मांडूं इच्छितों.

वडिलोपार्जित चार एकर जमीन. मागें विधवा, दोन मुलगे व एक मुलगी. आजी हयात नाहीं, मृत्युपत्रहि नाहीं. रूढीप्रमाणें मुलगे दोन-दोन एकर घेतात. कायद्याप्रमाणें चौघांसहि एकेक एकर येतो. मुलीचा हा हक्क नुकताच उकरून काढलेला नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें बापाच्या हिश्शांत ती वारस झाली व विधवेच्या मर्यादित हक्काची पूर्ण मालकी झाली. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलीस सहदायाद केलें, परंतु त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनें ती अट गेली. आणि त्या दिवशीं बाप हयात नसला तरी हा हक्क मिळतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेली वांटणी मात्र मोडत नाहीं.

जमिनीचे तुकडे होतील, ही तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. दोन भाऊ वेगळे निघतांना ही काळजी कोठें जाते, कोण जाणे! सातबाऱ्यावर बहिणीचें नांव चढल्यानें शेतांत बांध पडत नाहीं. आणि वारसानें आलेला हिस्सा ती विकूं लागल्यास तो आधीं विकत घेण्याचा हक्क कलम २२ प्रमाणें सहवारसांस आहे. शेतकऱ्यांस हें न पेलण्यासारखेंहि नाहीं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९८६ सालीं चांदवडास महिलांचें अधिवेशन भरविलें व पुढें ‘लक्ष्मीमुक्ति’ची हांक दिली, तेव्हां पुष्कळ शेतकऱ्यांनीं आपण होऊन बायकोच्या नांवें जमीन केली.

तलाठ्यापुढील नुसत्या जबाबानें बहिणीची मालकी जात नाहीं, कारण फेरफार हा महसुलापुरता असतो. परंतु नोंदणी झालेलें हक्कसोडपत्र सहसा मागें फिरत नाहीं. नवऱ्यानें टाकलेली बहीण पुढें परत आली तरी नाहीं. म्हणून दुखवट्यांत सही मागूं नये. वारसनोंदींत आईचें व बहिणींचें नांव आधीं लावावें. वर्षभरानें बहिणीस हिस्सा सोडावयाचाच असेल, तर हमरस्त्याकांठीं त्या दिवशीं काय भाव चालला आहे, तो सहीपूर्वीं भावानेंच तिला सांगावा.