गळ्यातली ग्रंथी आणि तिचे बदलते दुखणे

आपल्या गळ्यात, कंठाच्या जरा खाली, एक लहान ग्रंथी असते. तिचा आकार फुलपाखरासारखा. डॉक्टर तिला थायरॉइड म्हणतात. तिच्यातला रस रक्तात मिसळतो. चुलीचा जाळ कमी-जास्त करावा, तसे शरीराचे काम या रसाने मंद किंवा जलद चालते.

रोगजंतूंशी लढायला आपल्या शरीरात राखणदार असतात. कधी त्यांची ओळख चुकते. चोर सोडून ते घरच्याच माणसावर काठी उगारतात. ते या ग्रंथीवरच हल्ला करतात. १९१२ साली जपानच्या हाशिमोतो नावाच्या डॉक्टरांनी चार बायकांच्या गळ्यातल्या गाठी तपासून या दुखण्याचे वर्णन केले. ही करणी नव्हे, नजर नव्हे. एकाचे दुसऱ्याला लागतही नाही. बायकांत ते जास्त आढळते.

हे दुखणे एकसारखे राहत नाही. काही जणांत आधी ग्रंथीतला साठलेला रस एकदम रक्तात येतो. मग छाती धडधडते, हात कापतात, वजन उतरते. पुढे ग्रंथी झिजते आणि रस कमी पडतो. तेव्हा थकवा येतो, थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, पाळी बिघडते. घरचे म्हणतात, "सून आळशी झाली." अहो, ती आळशी नाही, आजारी आहे! बाळंतपणानंतर वर्षभरातही असे चढउतार होतात. पुष्कळ जणी आपोआप बऱ्या होतात. काहींचे दुखणे मात्र टिकते.

म्हणून रक्त तपासून घ्यावे. शिक्रापूर पुणे-नगर रस्त्यावरच आहे. गरज पडली तर पुण्याला ससून रुग्णालय आहे. रस कमी असेल तर डॉक्टर रोजची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या-एक तासाने करावी. लोहाची व कॅल्शियमची गोळी चार तासांनी घ्यावी. गोळीचे प्रमाण बदलले, की सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. पुढे वर्षातून एकदा तरी तपासावे.

दिवस राहिले, की लगेच डॉक्टरांना सांगावे. पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच रसावर वाढतो. गोळी बहुधा वाढवावी लागते.

बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. बरे वाटते ते गोळीमुळेच. दुखणे रूप बदलते, तर आपणही तपासणी चुकवू नये.